खळ

नगरपालिकेच्या तळघरात दर मार्चला
शिक्का उठतो: नष्ट करावे.
जांभळी शाई, जराशी डावीकडे कललेली,
कारण बेल्मिरोचा उजवा खांदा दुखतो.
मी त्याला सुके अंजीर देते. तो हातगाडी
माझ्या दाराशी लावून कोपऱ्यावर कॉफी प्यायला जातो.
परत येतो तेव्हा गाडी हलकी झालेली असते.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

सेतुबालचे सार्डिनचे कारखाने बंद पडून
इतकी वर्षं लोटली, की तो वास आता
फक्त कागदांनाच येतो.
हजेरीपट, दंडाच्या वह्या.
डबे किती, तेल किती,
भोंग्यानंतर कोण आली,
कोणाचं बोट गेलं. भरपाई: निरंक.

मी मैद्याची खळ शिजवते,
कसर लागू नये म्हणून तीत लवंगा घालते
आणि कात्री चालवते. नियम एकच:
नावामधून कात्री न्यायची नाही.
आकडे कापावेत, तारखा कापाव्यात,
साहेबांच्या लफ्फेदार सह्या तर आवर्जून कापाव्यात,
त्यांचे खवले झकास होतात.
दंडाच्या लाल रेघांचे कल्ले.
एका हिवाळ्यात भिंतभर मासा झाला,
पोटात चारशे अकरा बायका,
खाली कापलेल्या तारखांचा फेसाळ समुद्र.

लोक येतात, सुंदर म्हणतात.
सुंदर म्हटलं की मला
कोणीतरी खिसे तपासतंय असं वाटतं.

मग ऑक्टोबरात झुल्मिरा आली,
नातवाच्या मोटारसायकलवरून, हेल्मेट न काढताच.
"माझी तीन वर्षं तुमच्याकडे आहेत म्हणे."
पेन्शन कचेरी म्हणते, पुरावा आणा.
पालिका म्हणते, नष्ट केलं, हा बघा शेरा.
बेल्मिरो काहीच म्हणाला नव्हता,
फक्त माझ्या गल्लीकडे बघून खोकला होता.

ती सापडली, शेपटीपाशी.
झुल्मिरा, डबाबंद विभाग, अनुक्रमांक दोनशे सात.
नावाला धक्का नव्हता, मी नियम पाळला होता.
पण वर्ष?
वर्ष मी कापलं होतं.
वर्ष खाली कुठेतरी फेस होऊन उसळत होतं
आणखी शेकडो वर्षांमध्ये.

किटली ठेवली. वाफेवर
एकेक लाट सोडवत बसलो,
ती चष्मा पुसत, नातू मोबाइलचा उजेड धरून,
मी सुरीच्या बोथट पात्यानं.
एकसष्ट अकरा निघाले. त्यातला तिचा कोणता?
कात्रीची चूक कात्रीच ओळखते:
कडेला कड लावत गेलो,
आणि पहाटे चारच्या सुमारास एक कड
दात बसावेत तशी बसली.
बासष्टही मिळालं.
त्रेसष्ट नाही मिळालं.
ते बहुधा मी कोणाला तरी विकलंय,
चौकटीसकट.

पान उलटलं तेव्हा मागं आणखी एक नोंद:
मुकादमाच्या थोबाडीत ओला मासा मारल्याबद्दल
दंड, वीस एश्कुदू.
झुल्मिरानं ती दोनदा वाचली.
मग पहिल्यांदा हेल्मेट काढलं.
"स्वस्तात पडला," म्हणाली.
"ही बाजू त्यांना दाखवू नका.
नाहीतर... दाखवाच."

कचेरीनं दोन वर्षं मान्य केली.
कागदाला लवंगेचा वास का, एवढं मात्र
लेखी विचारलं. मी लेखी उत्तर दिलं.
त्याला आवक क्रमांक पडला,
म्हणजे कधीतरी मार्चमध्ये
तेही माझ्याकडे येईल.

मासा अजून भिंतीवर आहे,
शेपटीला बोटभर भोक, त्यातून चुना दिसतो.
समुद्र बराच ओसरलाय.
आता मी तारखाही कापत नाही.
काम फार सावकाश चालतं;
गेल्या वर्षी एकच बोंबील झाला,
तोही बारीक.